एका पायाची चप्पल

माझ्या हाताला गुण नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या लग्नाला अकरा दिवस झाले होते. वन्संनी, म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहिणीने, मला खिडकीतल्या एका कुंडीला पाणी घालायला सांगितलं. मी घातलं. तिसऱ्या दिवशी झाड मेलं. ते झाड आधीपासूनच मरणाच्या दारात उभं होतं आणि मी फक्त दार उघडलं, हे मी त्यानंतर चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. पण वन्संनी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "असतं एकेकाच्या हाताचं."

ओरडल्या असत्या तर मी विसरले असते. हळू बोललेलं विसरता येत नाही.

त्यानंतर सासरच्या गोतावळ्यात कुठेही काही सुकलं की नजरा माझ्या हाताकडे वळायच्या. एकदा धाकट्या जावेच्या घरी कापडी फुलांचा रंग उडाला, तेव्हाही मी आदल्या आठवड्यात तिच्याकडे जाऊन आले होते, ही गोष्ट कोणीतरी काढलीच.

त्यामुळे चाळीस वर्षांनी वन्सं टॅक्सीतून मांडीवर कुंडी घेऊन उतरल्या आणि "आठ महिन्यांसाठी हिच्याकडे ठेवतेय" म्हणाल्या, तेव्हा मला दरदरून घाम फुटला. त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं, परगावी. बाळ, बाळंतीण, पुढचं सगळं उरकूनच त्या परतणार होत्या.

"ताई, तुझ्या शेजारणीकडे का नाही ठेवलंस?" ह्यांनी विचारलं.

"ती नाही म्हणाली. हिला नाही म्हणता येत नाही."

यावर मला नाही म्हणता आलं नाही.

झाड ऑर्किडचं होतं. पण लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसलं लोंबतं नव्हे. ठिपक्याठिपक्यांची पाच-सहा पानं, मधून एकच ताठ दांडा, आणि त्याच्या टोकाला एकच फूल. फुलाचा खालचा भाग हुबेहूब घरात घालायच्या चपलेच्या पुढच्या टोकासारखा, जांभळट, चकचकीत, आत कोणीतरी पाय घालावा म्हणून वाट बघत असलेला. हे चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"एकाच पायाची आहे," हे म्हणाले. "दुसरी कोणी नेली?"

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक फुलस्केप कागद काढला. बारीक अक्षरात, एकाखाली एक, आकडे घातलेल्या दहा सूचना. उजेड भरपूर हवा, पण ऊन नको. हवा खेळती हवी, पण वारा नको. मुळं ओली हवीत, पण भिजलेली नकोत. माती तर अजिबात नको, झाडाच्या सालीचे तुकडे हवेत. नळाचं पाणी चालत नाही.

"हे झाड आहे की जावई?" हे म्हणाले.

मी कोणतंही काम अर्धवट करत नाही. कागद हरवू नये म्हणून मी तो बाहेरच्या खोलीतल्या लाकडी कपाटाच्या दारावर चिकटवला. नुसता चार कोपऱ्यांना नाही, कागदाएवढ्या जागेवर दारालाच डिंक फासला आणि वर कागद दाबून बसवला. खालच्या कोपऱ्यात शाईचा एक छोटा बाण होता. पेन चालतंय का ते वन्संनी पाहिलं असेल, असं मला वाटलं.

पहिली अडचण पाण्याची. दारावरच्या कागदात शुद्ध केलेलं, म्हणजे डिस्टिल्ड पाणी लिहिलं होतं. औषधाच्या दुकानात नव्हतं. त्यांनी मला मोटारींच्या बॅटऱ्या विकणाऱ्याकडे पाठवलं.

"गाडी कुठली, काकू?" बॅटरीवाल्याने विचारलं.

"गाडी नाही. झाड आहे."

"बॅटरीवर चालतं?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पाच लिटरचा कॅन पुढे सरकवत म्हणाला, "काही लागलं तर सांगा. सर्व्हिसिंगपण करतो आम्ही."

तरी पहिले दोन महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे गेले असं मी म्हणेन. फूल दोन महिने तसंच राहिलं. दर रविवारी वन्संचा फोन यायचा, "फूल कसं आहे?" आणि मी म्हणायचे, "आहे तसं आहे." माझा आवाज चढायला लागला होता. मी जावेला बोलावून फूल दाखवलं. भिशीच्या बायकांना बोलावून दाखवलं. माझा हात मी मुद्दाम कुंडीजवळ ठेवायचे.

मग एका सकाळी ते गळलं. वाळून नाही, कोमेजून नाही. टवटवीत ताजं फूल, टप्पकन खाली. मी चहाचा कप हातात घेऊन तिथेच होते.

"फूल आहे, गळणारच," हे पेपरातून म्हणाले.

"इतकं ताजं?"

"हृदयविकार असेल."

मी ते बशीत ठेवलं आणि बशी फ्रिजमध्ये. रविवारी वन्संनी विचारलं, "फूल कसं आहे?" मी म्हटलं, "आहे तसं आहे." हे खोटं नव्हतं. चार अंश तापमानात ते खरोखरच तसंच होतं.

पुढच्या पंधरवड्यात एक पान पिवळं पडलं. मग दुसरं. आणि माणसाचं काही पिवळं पडायला लागलं की शेजारी येतात, हा जगाचा नियम आहे.

पहिल्या आल्या समोरच्या मास्तरीणबाई. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कुंडीभोवती तास चालू असल्यासारखी एक फेरी मारली आणि बुडाशी बोट ठेवलं. तिथे पानांच्या बाजूने दोन हिरवी कोंबासारखी पिल्लं फुटली होती.

"ही बघा. ही आईचं रक्त पितायत. काढून टाका."

"पण इवलीशी आहेत हो."

"इवलीशीच असतात. पुढे दहावीत डोक्यावर बसतात."

मी काढली. एक मोडलं. दुसरं दोन केसाळ तपकिरी मुळांसकट निघालं. ते टाकवेना. ह्यांचा दाढीचा जुना मग होता, कान तुटलेला, बुडाला तडा गेलेला. हे तो फेकू देत नव्हते आणि वापरतही नव्हते. त्यात मूठभर साल घालून मी ते पिल्लू खोचलं, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलं आणि विसरून गेले. लक्षात ठेवायला माझ्याकडे एकच झाड होतं, आणि ते मरत होतं.

दुसरे आले वरच्या मजल्यावरचे हवामानवाले. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले होते, पण हवामान त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी भिंतीला एक गोल यंत्र लावलं, त्यावर टिचकी मारली आणि मान हलवली.

"बावन्न टक्के. वहिनी, या हवेत झाडच काय, आम्हीही जगत नाही. बाष्प सत्तरच्या वर न्या."

"कसं नेऊ?"

"किटली."

तेव्हापासून आमच्या बाहेरच्या खोलीत विजेची किटली दिवसातून तीन वेळा अर्धा अर्धा तास उकळू लागली. हवामानवाले सकाळ-संध्याकाळ येऊन आकडा वहीत टिपायचे आणि "सदुसष्ट! प्रगती आहे!" म्हणून जायचे. झाड वगळता घरातल्या सगळ्या गोष्टींत प्रगती झाली. मीठ दगड झालं. काडेपेटी पेटेना. कॅलेंडरचे पुढचे महिने वाकून आजच्या तारखेकडे बघायला लागले. ह्यांचा पेपर हातात धरला की ओल्या टॉवेलासारखा खाली मान टाकायचा. आणि मी दर दोन तासांनी पानांच्या मधोमध पाण्याचा बारीक फवारा मारायचे. दारावरच्या कागदात तसं लिहिलं नव्हतं, पण मारू नये असंही लिहिलं नव्हतं.

मग ते लाकडी कपाट फुगलं. दार उघडेना. दोघांनी पाय लावून ओढलं, तरी नाही. आत ह्यांच्या पेन्शनचे कागद होते, त्यात दरवर्षी बँकेत द्यायचा हयातीचा दाखलाही होता, सहीशिक्क्यासह.

"म्हणजे बघ," हे सोफ्यावर बसून धापा टाकत म्हणाले, "एक झाड जगवायला मी जिवंत असल्याचा पुरावा तू कोंडून ठेवलास."

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी आले. त्यांच्या छतावर ओलीचा डाग आला होता.

"वहिनी, तुमच्याकडे तीन वेळा नेमकं काय शिजतं?"

"हवा," मी म्हटलं.

त्यांनी खोलीभर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली: 'सभासदांनी राहत्या खोल्यांत वातावरण तयार करू नये.' खाली कोणाचं नाव नव्हतं. पण जिना चढताना लोक आमच्या दाराकडे बघून हसायचे. चाळीस वर्षं इभ्रतीने राहिलेलं माणूस मी, जिन्याने चढताना पदर सावरायच्या निमित्ताने तोंड झाकू लागले.

झाडाला आता तीन पानं उरली होती आणि मधला गाभा मऊ पडला होता. फोनवर वन्संनी "फूल कसं आहे?" विचारणं सोडलं होतं. त्या आता "झाड कसं आहे?" विचारत होत्या. बाई हुशार.

शेवटी मी उद्यान खात्याच्या कचेरीत गेले. तिथे रोपसल्ल्याची एक खिडकी आहे, दर बुधवारी अकरा ते एक. कुंडी पिशवीत घालून, वर रुमाल झाकून, कोणी विचारलं तर 'भाची आजारी आहे' म्हणायचं ठरवून मी रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या कारकुनाच्या टेबलावर एक प्लॅस्टिकचं झाड होतं. अतिशय टवटवीत.

"नाव?"

"माझं की झाडाचं?"

"मालकाचं."

"मालकीण माझी नणंद आहे. परगावी असते."

त्याने पेन खाली ठेवलं. "हे संरक्षित जातीतलं आहे, मावशी. मालकाचं पत्र लागेल. आणि जंगलातून उपटलेलं नाही याचा पुरावा."

"उपटलेलं असतं तर मीच परत नेऊन लावलं असतं. तिथे तरी जगलं असतं."

"तसं लेखी द्या."

त्याने एक अर्ज दिला. त्यात एक रकाना होता: रोपाची अवस्था. जिवंत, आजारी, मृत. नको ते खोडा. मी पेन हातात धरून बाकावर बराच वेळ बसले आणि काहीच न खोडता अर्ज परत दिला.

"तिन्ही कसं चालेल?"

"रोज बदलतं," मी म्हटलं.

पत्राशिवाय तो झाडाला हात लावेना. मग मी वन्संना फोन करून खोटं बोलले. आयुष्यातलं सर्वांत मोठं. म्हटलं, उद्यान खातं घरोघरच्या ऑर्किडची नोंद करतंय, कौतुकाने, तुमचं पत्र आणि खरेदीची पावती हवी. वन्सं म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं नाही आधी?" आणि त्यांनी पत्र, पावती, फुलाचा फोटो असं सगळं थेट कचेरीलाच पाठवलं. वन्सं अशा. कोणतंही काम अर्धवट करत नाहीत.

कचेरीनेही अर्धवट केलं नाही. पुढच्या बुधवारी कारकुनाने झाड पाहिलं, गाभ्यात बोट घालून वास घेतला आणि आत गेला. आठ दिवसांनी मला टपालाने उत्तर आलं. 'सदर रोपाचा गाभा पाणी साचल्याने कुजला असून रोप मृतवत आहे. काळजीवाहकाने घेतलेली काळजी अतिरिक्त स्वरूपाची दिसते.' खाली शिक्का, सही, आणि डाव्या कोपऱ्यात: प्रत माहितीसाठी, रोपाच्या मालकीण.

मी ते पत्र घेऊन कपाटाला टेकून खाली बसले. त्या क्षणी माझ्या खांद्यावर काहीतरी पडलं. तो वन्संचा कागद होता. चाळीस दिवसांच्या वाफेने डिंक सुटला होता. कागद उलटा पडला होता आणि त्याच्या मागच्या बाजूला, त्याच बारीक अक्षरात, अकरापासून सतरापर्यंत सूचना होत्या. बाण त्यासाठी होता.

अकरा: फूल गळलं की घाबरू नये. ज्या झुपक्याला एकदा फूल आलं त्याला पुन्हा येत नाही. तो हळूहळू पिवळा पडतो. पडू द्यावा.

बारा: बाजूने येणारी पिल्लं हेच पुढचं झाड. त्यांना हात लावू नये. 'हात' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

तेरा: पानांच्या मधोमध पाणी अजिबात पडू देऊ नये.

चौदा ते सोळा मला वाचता आल्या नाहीत. डोळ्यांत पाणी होतं. सतरावी मोठ्या अक्षरात होती: फार काळजी घेऊ नये.

"काय झालं?" हे आतून म्हणाले.

"काही नाही. मागची बाजू होती."

वन्सं चौथ्या दिवशी हजर. नातवाला मांडीवरून उतरवून, मिळेल त्या गाडीने. मी दार उघडलं. माझ्या तोंडात कबुलीजबाब तयार होता, पाठ केलेला, तीन परिच्छेदांचा. त्या कुंडीपाशी गेल्या. कुंडीत एक तपकिरी चिंधी आडवी पडली होती. त्यांनी कुंडीकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता 'असतं एकेकाच्या' एवढं म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा. पण नाही.

"हातपाय धुऊन येते," म्हणाल्या आणि न्हाणीघरात गेल्या.

पाण्याचा आवाज आला. थांबला. मग हाक आली.

"अगं, इकडे ये."

खिडकीत तो कान तुटलेला मग होता. मगात तीन पानं होती. हिरवीगार, ठिपक्याठिपक्यांची, चकचकीत, कारकुनाच्या टेबलावरच्यापेक्षाही टवटवीत. मधून चौथं पान नाक वर काढत होतं.

"हे कोणी लावलं?"

मी तोंड उघडलं. आणि तसंच उघडं ठेवलं. कारण 'मी लावलं' म्हणायचं तर 'मी तोडलं' हेही आलंच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी जगलं होतं, आणि ते सांगायचं तर आधी आईला मारल्याचं सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात हे खांद्यावर टॉवेल टाकून आले. "ते होय? बरेच दिवस आहे तिथे. दाढी झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी ओततो मी कडेने."

"रोज?" वन्संनी विचारलं.

"आठवलं की. प्लॅस्टिकचं आहे ना? धूळ बसते."

वन्संनी भावाकडे पाहिलं. चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे ज्याला अजून माहीत नव्हतं अशा भावाकडे. आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हात आमच्या घरातलाच शेवटी," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडेच राहू दे रे हे. तुझ्या हाताला लागलंय."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी न्हाणीघराच्या फरशीकडे बघायला लागले. त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी मात्र विचारलं, "म्हणजे प्लॅस्टिकचं नाही?"

कपाट पुढे सुताराने उघडलं. दाखला वेळेत बँकेत पोचला. सेक्रेटरींच्या छताला रंग लागला आणि हवामानवाले भिंतीवरचं यंत्र उदास चेहऱ्याने काढून घेऊन गेले. मगातलं झाड वाढत राहिलं. ह्यांनी प्लॅस्टिकचं नाही हे कळल्यावरही आपली पद्धत बदलली नाही. दाढी, तांब्या, कडेने पाणी, बाहेर. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. आधी रागाने. मग सवयीने.

गेल्या वर्षी हे गेले.

त्यानंतरही मी बघत नव्हते. अंघोळ झाली की तांब्यात उरलेलं पाणी मान वळवून कडेने ओतायचे आणि बाहेर यायचे. कशाला बघायचं, माझी नजरही हातासारखीच असली तर? त्यामुळे कळी कधी आली, दांडा कधी वाढला, मला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी पाणी ओतायला हात पुढे केला आणि बोटांना काहीतरी लागलं. तेव्हा नाइलाजाने पाहिलं. एकच ताठ दांडा. त्याच्या टोकाला एकच फूल, जांभळट, चकचकीत. एका पायाची चप्पल.

दुसरी कोणी नेली, असं मला कोणीतरी विचारल्यासारखं वाटलं. मी ओल्या फरशीवर तांब्या घेऊन उभी होते. उत्तर मला माहीत होतं.

मग मी वन्संना फोन केला. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं, पण हवं ते बरोबर येतं. मी सगळं सांगितलं. मागची बाजू, मास्तरीणबाई, पिल्लं, हात. तीन परिच्छेदांचा कबुलीजबाब अजून जसाच्या तसा पाठ होता.

"ठाऊक होतं मला," वन्सं म्हणाल्या.

"ठाऊक होतं?"

"दाढीच्या मगात झाड कोण लावणार? तो? त्याला जन्मात कुंडी आणि बादली यांतला फरक कळला नाही."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू बोलतेस का बघत होते. आणि त्यालाही काहीतरी येतं, असं एकदा तरी वाटू दे म्हटलं."

मग त्यांनीच विचारलं,

"पाणी कोण घालतं आता?"

"मीच. कडेने. बघत नाही त्याच्याकडे."

"नकोच बघू. फूल गळलं तर घाबरू नकोस."

"नाही."

"आणि फ्रिजमध्ये ठेवू नकोस."

हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. आमच्या घरात हे सांगू शकणारं माणूस एकच होतं. फोन ठेवता ठेवता त्या हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या, "असतं एकेकाच्या हाताचं."

कोणाच्या, ते मी विचारलं नाही.